देवस्थळ्यांच्या घरचा आवाज

संगणकातून आवाज येतो याचं आता कुणाला काही वाटत नाही. एक काळ असा होता की आमच्या उज्जैनमध्ये कुणाच्या घरच्या संगणकानं नुसतं 'टिंग' केलं तरी शेजारची चार माणसं चपला काढून आत यायची. त्या 'टिंग'वर मी बरीच वर्षं पोट भरलं. या अंकासाठी 'तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा' असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं होतं की मोठमोठे बिघाड आठवतील, बँकेतला तो दोन दिवसांचा खोळंबा आठवेल. पण लिहायला बसलो आणि डोळ्यांसमोर आल्या त्या देवस्थळे काकू, हातात पोह्यांची बशी घेऊन माझ्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्याकडे पाहणाऱ्या.

मी मूळचा रेडिओवाला. रेडिओ, टेपरेकॉर्डर, लग्नातले लाऊडस्पीकर, सगळं उघडून बसायचो. नव्वदीच्या दशकात वारं फिरलं. परदेशी माल आला, टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं सोपं झालं आणि गल्लीगल्लीत 'कम्प्यूटर क्लास'चे बोर्ड लागले. मग मीही संगणक शिकलो आणि फ्रीगंजमधल्या एका दुकानात लागलो. आमचे शेठजी पक्के माळव्याचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मोघे, तुम रेडियो वाले हो, तो आवाज़ का काम तुम्हारा." तेव्हापासून दुकानात आवाजाची तक्रार आली की ती माझी.

त्या सुमाराला एका इंग्रजी मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून ती लिहिलेली. आतलं सगळं उघडं, कुणीही वाचावं, कुणीही बदलावं, आणि दाम शून्य. शेठजींना 'दाम शून्य' एवढंच ऐकू आलं. "फ्रीगंज में फ्री का माल! लगा दो सबमें!" आणि आम्ही ती लावत सुटलो.

प्रणाली खरंच उत्तम. महिनोन्‌महिने बंद पडायची नाही, व्हायरस नाही, कटकट नाही. फक्त आवाज यायचा नाही.

म्हणजे यायचा, पण मनधरणी केल्यावर. आवाजाचं कार्ड बनवणारे आपलं गुपित कुणाला सांगत नसत. त्यामुळे या हौशी मंडळींनी बाहेरून ठोकून, अंदाज बांधून ते चालवायची युक्ती काढलेली. कार्ड आणि प्रिंटर यांना प्रोसेसरला हाक मारण्यासाठी एकच नंबर मिळाला, तर एक बोलताना दुसरा तोंड घालायचा. रामघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक ज्योतिषी होते. त्यांच्या संगणकावर गणपतीची आरती चालू असायची आणि त्याच वेळी कुंडली छापायला घेतली की आरती "ग-ग-ग-ग" अशी अडखळायची. मी दोघांचे नंबर वेगळे करून दिले. आठवड्यानं पंडितजी तणतणत दुकानात आले. "भैया, आपने क्या कर दिया? पहले मंगल की कुंडली निकलती थी तो मशीन काँपती थी. जजमान हाथ जोड़ता था. अब कुछ होता ही नहीं!" एवढं निर्दोष काम करून शिव्या खाल्लेला मी पहिलाच मेकॅनिक असेन.

आता मुख्य गोष्ट.

एके दिवशी सकाळी दुकानात पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं आणि काखेत सात जाड वह्या असलेले एक गृहस्थ आले. दत्तात्रय देवस्थळे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त. राहणं नानाखेड्याच्या बाजूला, कॉलनीत. मी मराठी आहे असं कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मोघे, मला एक कम्प्यूटर पाहिजे. हिशेब नको, गेम नको. माझा आवाज त्यात राहिला पाहिजे आणि बटण दाबलं की निघाला पाहिजे."

"काय रेकॉर्ड करायचंय काका?"

त्यांनी वरची वही उघडली आणि तिथेच, शेठजींच्या आणि तीन गिऱ्हाइकांच्या देखत, खड्या आवाजात म्हटलं:

"आधी वंदू वजनकाटा । मग वंदू तो फलाटा ।
जेथे येती नाना वाटा । पार्सलांच्या ॥"

हा होता 'श्रीपार्सलगाथा' या ओवीबद्ध ग्रंथाचा आरंभ. सर्ग अकरा. नोकरीत त्यांच्या हातून गेलेलं प्रत्येक उल्लेखनीय पार्सल त्यात होतं. कुजलेल्या संत्र्यांचा सर्ग होता, हरवलेल्या हार्मोनियमचा होता, आणि एक अख्खा सर्ग एका साहेबाच्या पलंगावर होता, जो मथुरेऐवजी मदुराईला गेला होता. प्रकाशक मिळाला नव्हता. आता जमाना इलेक्ट्रॉनिक आहे, तेव्हा गाथा कानांनीच जावी असं काकांनी ठरवलं होतं.

संगणक बसवला. लिनक्स घातलं. आवाजाची जुळवाजुळव करताना एकेक आज्ञा मोठ्यानं म्हणत मी टाइप करत होतो आणि काकू मागून पाहत होत्या. अकरा दुपारी मी त्यांच्या घरी जाऊन मायक्रोफोन धरून बसलो. रोज एक सर्ग. शेवटी पडद्यावर मी त्यांना एक चौकोनी बटण करून दिलं, त्यावर मराठीत 'गाथा' असं लिहिलं. माउसनं टिचकी मारली की वजनकाट्यापासून सुरू. त्याखाली अकरा सर्गांची अकरा छोटी बटणं. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. आतल्या खोलीच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांचेही डोळे भरून आले असावेत असं मला तेव्हा वाटलं.

पंधरा दिवसांनी दुकानात फोन. "मोघे, आवाज गेला!"

मी स्कूटर काढून गेलो. काका खिन्न होऊन बसलेले. मी पाहिलं तर साधी गोष्ट होती. लिनक्समध्ये आवाजाची एक पाटी असते, तिच्यावर सरकणाऱ्या पट्ट्या. त्या सगळ्या तळाला, आणि वर 'मूक' अशी खूण. मी कामाला लागल्यावर काका देवाला फुलं आणायला बाहेर गेले. माझी एक खोड आहे, काम करताना जो समोर असेल त्याला सगळं समजावून सांगायचं. समोर काकू होत्या.

"हे बघा काकू, ही पट्टी खाली गेली की आवाज बंद. वर केली की चालू. हे माउसनं होतं, किंवा असं टाइप करूनही होतं."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "एवढंच? मग कुणाच्याही हातून चुकून होत असेल."

"होतं ना."

"आणि तुम्ही नाही आलात तर यांना कळणार नाही?"

"काकांना? नाही कळणार."

"पोह्यांवर सेव घालू ना?" काकूंनी विचारलं आणि मुठीनं घातली.

दहा दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी पट्ट्या जागच्या जागी होत्या. मला अर्धा तास लागला. लिनक्समध्ये प्रत्येक गोष्टीला परवानगी लागते. आवाजाच्या कार्डाशी कुणी बोलावं याची एक यादी असते. त्या यादीतून देवस्थळे काकांचं नावच गायब! स्वतःच्या घरात, स्वतःच्या संगणकावर, काकांना तोंड उघडायची परवानगी नव्हती.

"असं कसं होतं हो?" काकूंनी चहा ठेवत विचारलं.

"तेच तर! नाव काढायचं तर मुख्य परवलीचा शब्द लागतो. तो तर फक्त..." तो मी काकूंनाच सांगून ठेवला होता, कारण काका विसरतात. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी म्हटलं, "वीज जाते-येते, त्यात फाईल बिघडली असेल." आणि मग माझी खोड. यादी कशी असते, नाव कसं घालतात, कसं काढतात, सगळं सांगितलं. वर फुकटची माहितीही दिली, "काकू, आणखी एक गंमत आहे. या कार्डाशी एका वेळी एकच कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, बोलू शकतो. समजा एखादा कार्यक्रम मागे गुपचूप शांतता वाजवत बसला, तर बाकीच्यांना दार बंद!"

"शांतता वाजवत?" काकू म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला माझ्या समजावण्याच्या हातोटीचा अभिमान वाटला.

इकडे दुकानात माझं वजन उतरत चाललं होतं. काका दर दोन दिवसांनी येऊन सगळ्यांसमोर विचारायचे, "तुमच्याकडे दुसरा कुणी जाणकार आहे का?" शेठजींनी मला बाजूला घेतलं. "मोघे, ये फ्री वाली चीज़ बहोत महँगी पड़ रही है. तुम्हारे काका पूरे मराठी समाज में बोलते फिर रहे हैं कि मशीन गूँगी है. आख़िरी बार जाओ. नहीं तो मशीन वापस लाओ और तुम भी कोई दूसरा काम देखो."

गंमत बाजूला, माझी झोप उडाली. घरी दोन मुलं शाळेत. आणि नोकरीपेक्षाही जास्त लागलं ते हे की, मी आवाजाचा माणूस. व्हॉल्व्हच्या रेडिओपासून मी कधी हार मानली नव्हती, आणि हे तीन पट्ट्यांचं कार्ड मला नाचवत होतं.

शनिवारी काकांचा निरोप आला, आवाज तिसऱ्यांदा गेला. उद्या सकाळी अकराला देवासहून पाहुणे येणार, मेधाला पाहायला. मेधा त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेत शिक्षिका. पाहुण्यांना गाथा ऐकवायची आहे, तेव्हा आज येऊन कायमचा इलाज करा.

मी दुपारी गेलो. काका मिठाई आणायला फ्रीगंजला गेलेले. संगणक उघडला. पट्ट्या ठीक. यादीत नाव ठीक. मग पाहिलं तर मागे एक कार्यक्रम कार्ड धरून बसलेला. तो काय वाजवत होता? शांतता. तासच्या तास शांतता.

हे आपोआप होणं शक्य नव्हतं. कुणीतरी टाइप केलं होतं. लिनक्समध्ये एक सोय असते. तुम्ही जे जे टाइप करता, चूक असो की बरोबर, त्याची नोंद राहते. ती यादी मी कधी पाहिली नव्हती, कारण या घरात टाइप करणारा मी एकटाच, अशी माझी समजूत. मी यादी काढली आणि वाचत गेलो. आधी माझ्या आज्ञा. त्यानंतर, इंग्रजी अक्षरांत, पण शुद्ध मराठीत:

आवाज बंद
आवाज बंद कर
कृपया आवाज बंद कर
गप
गप बस

प्रत्येक ओळीला संगणकानं 'अशी आज्ञा सापडली नाही' असं उत्तर दिलं असणार. आणि त्याखाली, पहिल्या बिघाडाची आज्ञा, अचूक. मग दुसऱ्याची, अचूक. मग तिसऱ्याची. माझ्या टायपिंगमध्ये ओळीला एक चूक असते. इथे एकही नव्हती.

मी मान वळवली. काकू दारात उभ्या होत्या. हातात पोह्यांची बशी होती.

"कळलं वाटतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"काकू, तुम्ही?"

"लग्नाआधी मी कलेक्टर कचेरीत टायपिस्ट होते." त्या खुर्चीवर बसल्या. "मोघे, रागावू नका. तुमच्यावर ठपका येतोय हे मला कळत होतं. पण काय करू? मेधाला आजवर दोन स्थळं आली. पहिल्यांना यांनी वहीतून वाचून दाखवलं. तिसऱ्या सर्गात मुलाच्या आईचं बीपी चढलं. दुसरे म्हणाले, आमची बस आहे. अहो, त्या वेळेला बसच नाही! आता हा उद्याचा मुलगा मेधाच्या पसंतीचा आहे. दोघांचं ठरलंय. फक्त त्याचे आईवडील एकदा येऊन बघणार. आणि हे म्हणतात, आता वाचायची कटकट नाही, बटण दाबतो, अकराच्या अकरा ऐकवतो."

"दहा मिनिटंच वाजेल असं करून देऊ का?"

"नमनच वीस मिनिटं आहे!"

ते खरं होतं. मायक्रोफोन मीच धरला होता.

काकूंनी पदरानं डोळे टिपले. "मला यांचं वाईट वाटत नाही का? रोज पहाटे उठून लिहिलंय. पण उद्याचा एक दिवस, बस. नंतर मी स्वतः चालू करून देईन. तुम्हीच शिकवलंय सगळं."

मी पडद्याकडे पाहत बसलो. एका बाजूला माझी नोकरी आणि माझं नाव. दुसऱ्या बाजूला मेधाचं लग्न आणि या धंद्यातली मला मिळालेली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. मी कार्यक्रम होता तसा चालू ठेवला आणि संगणक सोडून उठलो. बिघाड सापडूनही तो दुरुस्त न करता उठलो, असं आयुष्यात त्या एकाच दिवशी झालं.

काका आले तेव्हा मी म्हटलं, "काम नाजूक आहे काका. उद्या मी स्वतः हजर राहतो."

रविवारी सोहनी कुटुंब आलं. मुलगा अनिरुद्ध, इंदूरला प्राध्यापक. त्याची आई बोलकी. वडील सिंचन खात्यातून निवृत्त, उंच, आणि चेहरा असा की धरणाची भिंत बरी. आल्यापासून त्यांनी 'नमस्कार' आणि 'साखर नको' एवढंच म्हटलं होतं. मेधानं पोहे दिले, बोलणं चांगलं चाललं होतं, आणि काका उठले.

"आता एक छोटीशी मेजवानी!"

त्यांनी 'गाथा'वर टिचकी मारली. शांतता. पुन्हा मारली. अत्यंत उत्तम दर्जाची शांतता. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. मी स्क्रूड्रायव्हर काढला, डबा उघडला आणि आत गंभीरपणे पाहत बसलो. काकूंनी समाधानानं चहाची कपबशी उचलली.

पण आम्ही दोघांनी एका गोष्टीचा विचारच केला नव्हता.

"मशीन गेलं खड्ड्यात," काका म्हणाले. "मला पाठ आहे."

आणि ते खोलीच्या मधोमध उभे राहिले. वजनकाट्याला वंदन झालं. फलाटाला झालं. रेकॉर्डिंगमध्ये निदान हातवारे नव्हते. इथे संत्र्याची पेटी उचलून दाखवणं होतं, शिट्टी होती, झेंडी होती. वीस मिनिटांचं नमन अठ्ठावीस मिनिटं चाललं. सोहनीबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. सोहनीसाहेब भिंतीसारखे बसले होते. अनिरुद्ध मेधाकडे पाहत होता आणि मेधा जमिनीकडे. दुसरा सर्ग सुरू झाला तेव्हा सोहनीबाई हळूच म्हणाल्या, "अहो, आपल्याला निघायला..."

काकू विजेसारख्या माझ्याजवळ आल्या. "मोघे, चालू करा! आत्ताच्या आत्ता!" त्या कुजबुजल्या.

"काय?"

"मशीन बंद करता येतं हो! माणूस कसा बंद करणार?"

त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मी डबा मिटला, शांतता वाजवणारा कार्यक्रम मारून टाकला आणि ओरडलो, "काका, झालं! मिळालं!" काका एका ओवीच्या मधेच थांबले, विजयी मुद्रेनं आले आणि म्हणाले, "उत्तम. मग आता थेट पाचवा सर्ग. शेळीचा." आणि त्यांनी पाचव्या बटणावर टिचकी मारली.

आवाज आला. पण तो काकांचा नव्हता. कुणीतरी काकांना पिळून, वाळवून, बाटलीत भरून, बाटली जोरजोरात हलवावी तसा तो आवाज होता. दुप्पट वेगानं, चिरकत, किंचाळत:

"रतलामहून आली शेळी । पावती तिने गिळली सगळी ।
आता सांगा कोणत्या वेळी । सोडवू हिला ॥"

ऐकणाऱ्यानं शपथेवर सांगितलं असतं की ही ओवी ती शेळीच म्हणते आहे.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी कपाळाला हात लावला होता. बटणांमागे मी लिहिलेल्या ओळीत वेगाचा एक आकडा होता. तो त्यांनी दुप्पट करून ठेवला होता. हे मी शिकवलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं, एक युक्ती फसली तर हाताशी दुसरी असावी म्हणून.

काकांचा चेहरा पांढरा पडला. पहाटे उठून लिहिलेली, सात वह्यांची गाथा समोर शेळीच्या आवाजात चिरकत होती. मला वाटलं, आता हे रडणार, आणि त्याला जबाबदार मी. मी बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात एक वेगळाच आवाज आला. घोगरा, दबलेला, जुना पंप सुरू व्हावा तसा. सोहनीसाहेब हसत होते. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्यांनी चष्मा काढला आणि गुडघ्यावर थापा मारत, डोळ्यांतून पाणी काढत ते हसायला लागले. "पावती... शेळीनं पावती गिळली! आमच्या खात्यात... अहो, आमच्या खात्यात बैलानं टेंडर खाल्लं होतं!"

सोहनीबाई नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. मग काकूंना म्हणाल्या, "हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षांत हसले नव्हते हो."

काका उभेच होते. ते सोहनीसाहेबांकडे पाहत होते, मग स्पीकरकडे, मग पुन्हा सोहनीसाहेबांकडे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कधीच कळलं नाही. पण चेहऱ्यावरचा रंग हळूहळू परत आला. त्यांनी घसा साफ केला.

"त्या शेळीचं पुढे काय झालं, ऐकायचंय?"

"ऐकवा हो! याच आवाजात ऐकवा!" सोहनीसाहेब म्हणाले.

शेळीचा सर्ग झाला. पलंगाचा झाला. अख्खं घर हसत होतं, शेवटी काकाही. जेवायची वेळ झाली, पाहुणे जेवायलाच थांबले, आणि श्रीखंड वाढता वाढता लग्न ठरलं. निघताना काकांनी मला दारात गाठलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "मोघे, या वेगानं अकरा सर्ग किती वेळात होतात, मोजलंत का? माणसं शेवटपर्यंत बसतील हो!"

त्या वर्षी गणेशोत्सवात मंडळात गाथेचा कार्यक्रम झाला, दुप्पट वेगात. मुलं पहिल्या रांगेत बसली आणि लोकांनी शेळी दोनदा मागितली. काकांनी मंचावरून माझा सत्कार केला, 'आवाजाचे शिल्पकार' म्हणून. शेठजी टाळ्या वाजवत होते. मी शाल घेतली आणि खाली बसलो. खरा मान कुणाचा होता ते काकांना सांगायला हवं होतं. मी कधी सांगितलं नाही, आणि ती खंत मला आजही आहे.

काकूंपुरता मात्र मी थोडा उतराई झालो. मेधा सासरी गेल्यावर त्या एक दिवस दुकानात आल्या, नुसत्या भेटायला. त्या वेळी माझ्या टेबलावर एका शाळेचा संगणक होता. आवाजासाठी मी दोन दिवस त्याच्याशी झगडत होतो. काकू शेजारी बसल्या, चष्मा लावला आणि विचारलं, "हात लावू?" दहा मिनिटांत स्पीकर बोलला. शेठजींनी गल्ल्यावरून मान वर केली. "मोघे, ये कौन हैं?"

"माझ्या गुरू आहेत," मी म्हटलं.

पुढच्या सोमवारपासून देवस्थळे काकू आमच्याकडे कामाला लागल्या. वय वर्षं चोपन्न, साडीला पिन, पिशवीत स्क्रूड्रायव्हर आणि डब्यात पोहे. फ्रीगंजातल्या दुकानदारांनी आधी थट्टा केली, मग महिन्याभरात तेच त्यांना बोलावू लागले. आवाजाचं काम माझ्याकडून त्यांच्याकडे कधी गेलं ते मला कळलंही नाही, आणि कळलं तेव्हा वाईट वाटलं नाही. निदान फार वाटलं नाही.

मग एका दुपारी दुकानातला फोन वाजला. मीच उचलला. पलीकडे काका.

"मोघे, आवाज गेला! सकाळपासून येत नाहीये. आज संध्याकाळी चार मित्र बोलावलेत ऐकायला. कुणाला तरी पाठवा, पण चांगला माणूस पाठवा."

"पाठवतो काका," मी म्हटलं. रीतसर तक्रारीची चिठ्ठी फाडली, नाव-पत्ता लिहिला आणि आवाजाच्या टेबलावर नेऊन ठेवली. काकूंनी चिठ्ठी वाचली. चेहरा जराही हलला नाही. पिशवी उचलली आणि सवारीचा टेम्पो पकडून नानाखेड्याला गेल्या.

संध्याकाळी चिठ्ठी परत आली. 'बिघाड' या रकान्यात काकूंच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: नाही. 'उपाय' या रकान्यात: गिऱ्हाइकास समजावले. आणि खाली, जिथे गिऱ्हाइकानं समाधानाची सही करायची, तिथे काकांची वळणदार सही, आणि सहीच्या वर, जागा अपुरी पडल्यामुळे बारीक अक्षरात:

"बाई आली दुकानातून । गेली आवाज घेऊन ।
वर सही घेतली मागून । आमचीच ॥"